जवळच तर आहे!

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या घराघरांतून एकच विषय चर्चेला येतो. यंदा सुटीत कोठे जायचे? कोणी काश्मीरचे नाव काढतो, कोणी केरळचे. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्या गप्पा तर सातासमुद्रापलीकडे पोहोचतात. दोन-चार दिवस घरात मोठा उत्साह असतो. मग गृहिणी घरखर्चाची वही पुढे ओढते, आणि सारे बेत ‘पुढच्या वर्षी पाहू’ या तीन शब्दांत बुडून जातात. ते पुढचे वर्ष बहुधा उजाडत नाही.

कमी पैशांत प्रवास कसा करावा, याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. परंतु त्याआधी आमच्याच घरातली एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून पुढच्या हिशेबाला अर्थ येणार नाही.

तुपाचा डबा

माझे माहेर ग्वाल्हेरचे. १९७८ साली लग्न होऊन मी इंदूरला आले. मामंजी एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकून होते. पगार बेताचा, खाणारी तोंडे सात. तरीही स्वयंपाकघराच्या फळीवर तुपाचा एक रिकामा डबा होता आणि दर महिन्याच्या एक तारखेला मामंजी त्यात न चुकता दहा रुपये टाकीत. तो डबा ‘यात्रेचा’. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्याला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. त्या डब्याच्या बळावर १९८२ मध्ये सासूबाईंना काशी घडली आणि १९८७ मध्ये रामेश्वर.

सासूबाईंची स्वतःची इच्छा मात्र अगदी लहान होती. त्यांना महेश्वर पाहायचे होते. त्यांच्या ट्रंकेत एक हिरवी महेश्वरी साडी होती. दसऱ्याला आणि संक्रांतीला तीच नेसायच्या. ‘‘सूनबाई, ही साडी जिथे विणली तो गाव पाहावा, अहिल्याबाईंच्या घाटावर एकदा पाय बुडवावेत, एवढंच मनात आहे,’’ असे त्या म्हणायच्या. त्यावर मामंजींचे उत्तर ठरलेले असे : ‘‘अगं, महेश्वर काय, जवळच तर आहे! केव्हाही जाऊ.’’

इंदूरहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर, म्हणजे उणेपुरे तीस कोस. सकाळी निघावे आणि रात्री घरी परतावे, एवढ्या अंतरावरचे. पण जे केव्हाही करता येते ते कधीच केले जात नाही. १९९१ मध्ये गिरणी बंद पडली, मामंजींची देणी अडकली आणि यात्रेचा डबा किराण्यासाठी उघडावा लागला. पुढे सासूबाईंचे गुडघे गेले. १९९३ च्या भाद्रपदात त्या गेल्या. दिवस झाल्यावर ट्रंक आवरताना ती हिरवी साडी हाती आली. मामंजी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले आणि म्हणाले, ‘‘काशी दाखवली, रामेश्वर दाखवलं. तीस कोसांवरचं महेश्वर तेवढं राहिलं.’’

त्या काळी दोघांचे बसचे जाण्यायेण्याचे भाडे आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाहूनही कमी होते. पैसा नव्हता म्हणून महेश्वर राहिले, असे म्हणण्याची सोयच आम्हांला उरली नाही.

काटकसर आणि चालढकल या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. काटकसरीने प्रवास घडतो. चालढकलीने तो राहून जातो, आणि वाचलेला पैसाही कोठे दिसत नाही.

तीन दिवसांची प्रदक्षिणा

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे : दूरच्या प्रवासाचा बेत असो वा नसो, वर्षातून एक सहल जवळची. आमच्या भागातील वाचकांसाठी तिचा एक नमुना देते.

पहिल्या दिवशी सकाळी इंदूरहून बडवाहमार्गे ओंकारेश्वर गाठावे. ज्योतिर्लिंगाचे दर्शन झाल्यावर पायांत बळ असेल त्यांनी नर्मदेतल्या बेटाची परिक्रमा करावी. शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास तेथे आहे. स्वच्छता आणि शिस्त यांबद्दल मराठी माणसाला त्या संस्थेची ओळख करून देण्याची गरज नाही. श्रावणी सोमवार व महाशिवरात्र हे दिवस मात्र टाळावेत. पुण्य तेवढेच मिळते. गर्दी आणि खोलीचे दर मात्र फार वाढलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सनावदमार्गे रावेरखेडीला जावे. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी येथे नर्मदाकाठी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. आपली मुले शाळेत बाजीरावांवर निबंध लिहितात. परंतु त्यांची समाधी आपल्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, हे कितीजणांना ठाऊक असते? येथे तिकीट नाही, बाजार नाही, दुकानेही फारशी नाहीत. पाणी व फराळ बरोबर ठेवावा आणि घटकाभर शांत बसावे.

संध्याकाळपर्यंत महेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत ज्या गादीवरून राज्यकारभार पाहिला ती साधी बैठक, राजवाडा, अहिल्येश्वराचे मंदिर, खाली उतरत गेलेला विस्तीर्ण घाट आणि हातमागांची खटखट, हे सारे पायी हिंडून पाहता येते. मुक्काम येथेच करावा. कारण महेश्वरचा घाट पाहायचा तो सूर्योदयाच्या वेळी. नदीवरची नाव माणशी ठरवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून ठरवावी व भाव आधी बोलून घ्यावा.

तिसऱ्या दिवशी मांडू. दोन तलावांमध्ये उभा असलेला जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, कड्यावरचा रूपमतीचा मंडप, आणि मुलांना हमखास आवडणारी ती जाड बुंध्याची ‘मांडूची चिंच’. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. तेथून पवारांच्या धारवरून रात्री घरी. एकूण फेरा सुमारे तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरांचा.

खर्चाची वही

२०२४ च्या जानेवारीत आम्ही सहाजणांनी हा फेरा केला. वहीतील आकडे असे : तीन दिवसांची गाडी ९५०० रुपये, दोन रात्री, दोन खोल्या ४००० रुपये, खाणेपिणे ३८०० रुपये, तिकिटे, नाव व किरकोळ १४०० रुपये. एकूण १८७०० रुपये, म्हणजे माणशी सुमारे ३१०० रुपये. ही रक्कम एकदम काढायची म्हटले तर जड वाटते. पण दरमहा १७०० रुपये बाजूला ठेवले तर अकरा महिन्यांत ती जमते, आणि बारावा महिना प्रवासाचा उरतो. मामंजींचा तुपाचा डबा शहाणा होता. आज त्याच्या जागी बँकेतील आवर्ती ठेव असेल, एवढाच फरक.

खाण्यावरचा खर्च कमी राहिला याचे कारण शिदोरी. पहिल्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या, दुसऱ्या दिवसासाठी दशम्या व लसणाची चटणी, शिवाय चिवडा आणि गुळपोळ्या. एक वेळ शिदोरीची आणि एक वेळ गरम जेवणाची, असा मेळ घातला की पोटही बरे राहते व पैसाही. दोन कुटुंबांनी मिळून गाडी केली तर भाडे विभागले जाते. मात्र कोणी किती द्यायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. वाटेवर काढलेला हिशेब स्नेहाला बाधतो.

रेल्वेने जाताना

दूरच्या प्रवासात खरी बचत रेल्वेच्या नियमांत आहे. अंतर वाढत जाते तसतसे रेल्वेचे दर किलोमीटरमागचे भाडे कमी होत जाते. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी तिकिटे काढण्यापेक्षा अखेरच्या स्थानकापर्यंतचे एकच तिकीट स्वस्त पडते. तिकीट ५०० किलोमीटरांहून अधिक अंतराचे असेल तर तेवढे अंतर ओलांडल्यावर वाटेत एकदा, आणि १००० किलोमीटरांहून अधिक असेल तर दोनदा, दोन-दोन दिवस उतरून राहता येते. तिकीट काढतानाच तसे सांगावे. राजधानी, शताब्दी यांसारख्या गाड्यांना ही सवलत नाही. निघालेल्या स्थानकावरच परत यायचे आणि वाटेत अनेक गावे पाहायची असतील, तर वर्तुळ-प्रवासाच्या तिकिटाची चौकशी मोठ्या स्थानकावर अवश्य करावी.

काही जुन्या समजुती आता टाकून द्यायला हव्यात. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तथापि साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या शायिकांचा राखीव वाटा आहे; तो मागावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे एकशेवीस दिवस नव्हे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र शायिका घेतल्यास पूर्ण भाडे पडते, न घेतल्यास अर्धे.

आमच्या भागातली आणखी एक आठवण. इंदूर-खंडवा लोहमार्गासाठी महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. त्या मार्गावरच्या घाटातली छोटी गाडी आमच्या पिढीने फार पाहिली. रुंद मार्गाच्या कामासाठी तिची नित्याची वाहतूक २०२३ मध्ये थांबली. पातालपाणी ते कालाकुंड या टप्प्यात २०१८ पासून वारसा-गाडी चालविण्यात येते. ती मुख्यत्वे पावसाळ्यात व ठराविक दिवशीच धावते, म्हणून आधी चौकशी करूनच मुलांना वचन द्यावे.

कोठे वाचवू नये

काटकसरीलाही मर्यादा असते. एकदा मुक्कामाची एक रात्र वाचवण्यासाठी आम्ही रात्रभर प्रवास करून पहाटे मांडूला उतरलो. दुपारपर्यंत दोन्ही मुले जहाजमहालाच्या सावलीत गाढ झोपलेली आणि आम्ही दोघे आळीपाळीने राखणीला! वाचले दोनशे रुपये, गेला अख्खा दिवस. म्हाताऱ्या माणसांची झोप, लहानांचे दूध, सर्वांचे पिण्याचे पाणी आणि औषधांची पिशवी, या चार ठिकाणी कात्री लावू नये. कात्री लावायचीच तर ती खरेदीला लावावी. प्रवासात घेतलेल्या निम्म्या वस्तू वर्षभराने माळ्यावर सापडतात. आणि नातेवाइकांकडे उतरलात तर तिसऱ्या दिवशी निघावे व निघताना घरातल्या मुलांच्या हातावर काही ठेवावे. त्याला खर्च म्हणू नये.

आपापल्या गावाचे महेश्वर

हे सारे इंदूरचे झाले. परंतु प्रत्येक गावाला त्याचे महेश्वर असतेच. बडोदेकरांना चांपानेर-पावागड जवळ आहे. २००४ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. ग्वाल्हेरकरांना दतियाचा राजवाडा व ओरछा. हैदराबादच्या मंडळींना बिदरचा किल्ला आणि महमूद गावानचा मदरसा. बेळगावकरांना खानापूर तालुक्यातील कदंबांची हलशी, आणि दोन दिवस काढता आले तर बदामी-पट्टदकल. गोमंतकीयांना तांबडी सुर्लाचे रानातले महादेव मंदिर. यांतले आपण काय काय पाहिले आहे, हे आज रात्री जेवताना घरातल्यांना विचारून पाहावे. उत्तर ऐकून आपलेच आपल्याला नवल वाटेल.

१९९४ च्या पौषात आम्ही मामंजींना महेश्वरला नेले. ती हिरवी साडी त्यांनी पिशवीतून बरोबर घेतली होती. का, ते कोणी विचारले नाही. घाटाच्या पायऱ्या उतरताना ते एका दगडी नक्षीपाशी थांबले. त्यांनी साडी काढली आणि तिचा काठ त्या नक्षीशेजारी धरला. तीच वेलबुट्टी, तीच लहर. महेश्वरचे विणकर घाटावरचे नमुने काठांत विणतात, हे आम्हांला पुढे एका मागावर कळले. मामंजी तेव्हा एवढेच म्हणाले, ‘‘तिला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.’’

परतताना बसमध्ये ते फारसे बोलले नाहीत. मात्र पुढच्या एक तारखेला फळीवरचा डबा पुन्हा खाली आला, आणि त्यात पहिले दहा रुपये त्यांनीच टाकले.

वाचकहो, दूरचा प्रवास पैसे साठल्यावर करावा. जवळच्यासाठी मात्र आजच दिवस ठरवावा, दिनदर्शिकेवर खूण करावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे : तुम्हांला काय पाहायचे राहिले आहे?