लॅपटॉपवर टीव्ही : ट्यूनर घेण्यापूर्वी जरा थांबा!

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी लहान दुकानात वेगळा टीव्ही मांडायला जागा नसते. गल्ल्याशेजारी हिशेबाचा लॅपटॉप मात्र असतो. त्यालाच एखादी डबी जोडून बातम्या पाहता आल्या तर बरे, असे अनेक दुकानदार बंधू बोलून दाखवतात. या डबीला टीव्ही ट्यूनर म्हणतात. तिच्यात पैसे कसे अडकतात ते आम्ही स्वतः अनुभवले, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही जुन्या बाजारातून एक यूएसबी ट्यूनर आणला. "अँटेना लावा, दूरदर्शन दिसेल," असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले. गच्चीवर अँटेना फिरवून हात भरून आले, पडद्यावर मुंग्याच! डबी बिघडलेली नव्हती. ती जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीची होती आणि दूरदर्शनने आपली बहुतेक अ‍ॅनालॉग केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली होती. केबलचेही तेच. डिजिटल केबलच्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. आता केबलची वायर थेट ट्यूनरला लावून उपयोग नाही. वाहिन्या कुलूपबंद येतात आणि किल्ली केबलवाल्याच्या सेट टॉप बॉक्समध्ये असते.

काही डब्यांवर 'डीव्हीबी-टी-२' असे छापलेले असते. ही अँटेनावर चालणारी डिजिटल पद्धत. दूरदर्शनने २०१६ साली ती १६ शहरांत सुरू केली, त्यांत औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. पण ते शहर अंबडपासून सरळ रेषेतही ५० किलोमीटरहून दूर आहे. त्या भरवशावर अंबडकराने पैसे घालू नयेत.

राहिली डीडी फ्री डिश. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेला मासिक भाडे नाही. तिच्यासाठी 'डीव्हीबी-एस-२' ट्यूनर हवा आणि छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे लावलेली हवी. मात्र सगळ्याच वाहिन्या उघडतील असे समजू नका. शिवाय छत्रीवरील एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात, यूएसबीतून मिळतात ५. म्हणून अशा ट्यूनरला बहुधा वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, चित्र मात्र जाईल. हे दुकानदार सहसा सांगत नाही.

खरेदीला जाताना आपला लॅपटॉप सोबत न्यावा आणि डबी तिथेच जोडून पाहावी. जुन्या ट्यूनरचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर पुष्कळदा बसत नाहीत. विंडोज १० पासून (२०१५) मीडिया सेंटरही राहिलेले नाही, तेव्हा सोबतचे सॉफ्टवेअर चालते का, हे पाहूनच पक्के बिल घ्यावे. आणि दुकानात चांगले इंटरनेट असेल, फक्त बातम्याच पाहायच्या असतील, तर हा खर्च करूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची ती डबी अखेर कामी आली. तिला पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची जागा होती. फ्री डिशचा साधा बॉक्स तिथे जोडला आणि चित्र उमटले. वाहिनी बदलायला मात्र बॉक्सचाच रिमोट शोधावा लागतो.