झेलेंका यांच्या ट्रायो सोनाटा

बोहेमियात १६७९ मध्ये जन्मलेले यान डिस्मास झेलेंका हे ड्रेस्डेनच्या राजदरबारात व्हिओलोने, म्हणजे खर्जातील मोठे तंतुवाद्य, वाजवीत असत आणि १७४५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक संगीत कॅथलिक उपासनेसाठी असले, तरी १७२० च्या दशकाच्या प्रारंभीच्या सहा ट्रायो सोनाटांमध्ये त्यांची वाद्यसंगीतावरील असामान्य पकड दिसते. ट्रायो सोनाटात सामान्यतः दोन वरच्या स्वरपट्टीतील वाद्यांना ‘कंटिन्युओ’चा, म्हणजे हार्प्सिकॉर्डसारख्या वाद्याने स्वरमेळ भरत चालवलेल्या खर्जाचा, आधार असतो, झेलेंका मात्र बसून या खर्जातील सुषिर वाद्याला अनेक ठिकाणी वरच्या दोन ओबोंच्या, म्हणजे उंच स्वरांच्या सुषिर वाद्यांच्या, तोडीची स्वतंत्र चाल देतात, आणि मग तीन आवाजांची अपेक्षित बांधणी चार आवाजांच्या चुरशीच्या संवादात बदलते. खर्जाचे वाद्य स्वतः हाताळणाऱ्या रचनाकारालाच हे सुचावे, यात नवल नाही. तिसऱ्या सोनाटात एका ओबोची जागा व्हायोलिन घेते. लांबलचक, श्वासाची कसोटी पाहणारे स्वरसमूह आणि अनपेक्षित अर्धस्वरी वळणे यांमुळे ओबोवादकांना या रचना आजही अतिशय अवघड वाटतात. नव्या श्रोत्याने सुरुवात एफ मेजरमधील पाचव्या सोनाटापासून करावी आणि पहिल्या श्रवणात लक्ष बसूनवर ठेवावे.