जुन्या ई-पत्रांचे दप्तर



आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर वर्ष सरले की कीर्द-खतावण्या लाल बासनात बांधून माळ्यावर चढवीत. गादीवर चालू वर्षाची वही तेवढी राही. परंतु जुनी वही कोणी रद्दीत घालीत नसे. आज आपला बराचसा व्यवहार ई-मेलने होतो, आणि नेमका हाच विवेक तेथे सुटला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीचा संगणक मंदावला. डिस्कवर जागाच उरली नव्हती. घाईघाईने आम्ही मागील सर्व पत्रे पुसून टाकली. पुढे चार महिन्यांतच एका गिरणीने तुरीतील ओलाव्याचे निमित्त काढून बिलात कपात केली. नमुना पसंत असल्याचे त्यांनीच मेलने कळविले होते. पण ते पत्र आमच्यापाशी राहिले नव्हते. कपात मुकाट्याने सोसावी लागली. तो धडा इतरांना विनामूल्य मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम जागा कशाने भरते ते पाहावे. नुसत्या मजकुराचे पत्र अगदी हलके असते. भार असतो तो सोबतच्या बिलांच्या प्रतींचा व मालाच्या छायाचित्रांचा. शिवाय ई-मेलची रचना मुळात अक्षरांसाठी झालेली असल्याने जोडलेली फाईल अक्षररूप होऊनच जाते व तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून आवराआवरीस मोठ्या जोडपत्रांपासून आरंभ करावा.

जुन्या धर्तीच्या ‘आउटलुक’मध्ये ‘आर्काइव्ह’ची सोय आहे. तिच्या योगे ठरविलेल्या तारखेपूर्वीची पत्रे वेगळ्या पीएसटी फाईलमध्ये जातात. परंतु ही फाईल बहुधा त्याच संगणकावर राहते. म्हणजे वही गादीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकास सरकविल्यासारखेच झाले. यास्तव आउटलुक बंद करून ती बाहेरील डिस्कवर उतरवावी, तेथे उघडून तपासावी, आणि मगच संगणकावरील प्रत काढावी. तसेच पत्रे हलविली तरी मूळ फाईल लगेच आक्रसत नाही. त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ ही आज्ञा द्यावी.

‘जीमेल’मधील ‘आर्काइव्ह’चा अर्थ निराळा आहे. तेथे पत्र केवळ ‘इनबॉक्स’मधून दृष्टीआड होते, जागा तसूभरही सुटत नाही. म्हणून ‘टेकआउट’द्वारे प्रत उतरवून घ्यावी व नंतर पत्रे पुसावीत. पुसलेली पत्रे ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये पडून असतात, जागा हवी असल्यास तेही रिकामे करावे.

आता, काय किती काळ जपावे? वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३६ अन्वये हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने राखणे बंधनकारक आहे. २०२३-२४ या वर्षाची ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणून त्या वर्षाची, मेलने आलेली बिलेसुद्धा, ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवीत. अपील चालू असेल तर मुदत आणखी लांबू शकते. सौद्याच्या व नमुन्याच्या पत्रांना, व्यवहार पुरता मिटेपर्यंत, हात लावू नये.

डिस्कही कधी दगा देते. म्हणून दोन प्रती कराव्या, एक दुकानी व एक घरी, आणि प्रत्येकीवर वर्ष लिहावे. दिवाळीत नव्या वहीचे पूजन करतो, त्याच सुमारास हे काम उरकण्याचा परिपाठ ठेवल्यास विसर पडणार नाही. जागा पुन्हा विकत मिळते; गेलेला पुरावा मिळत नाही.