बालमानसतज्ज्ञाकडे जाण्याआधी

‘एकदा मानसतज्ज्ञांना दाखवून घ्या,’ असं शाळेतल्या बाईंनी सुचवलं की बऱ्याच घरांत आधी राग येतो, मग भीती वाटते आणि नंतर विषयच टाळला जातो. मदत लांबते, त्रास मात्र मुलाला होत राहतो. त्यामागचे गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज : तिथे गेलं की गोळ्या सुरू होतात.
वस्तुस्थिती : औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. ते एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. मानसतज्ज्ञांचा भर निरीक्षण, चाचण्या, खेळ आणि संवाद यांवर असतो. औषधाची गरज दिसली, तर ते डॉक्टरांकडे पाठवतात.

गैरसमज : मानसशास्त्रात एम.ए. झालं की पुरे.
वस्तुस्थिती : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम, ही त्यासाठीची अनेक वर्षं रुळलेली वाट. नोंदणी क्रमांक आणि मुलांसोबत काम करण्याचा अनुभव, दोन्ही निःसंकोच विचारा. तो पालकांचा हक्कच आहे.

गैरसमज : मुलाला आत पाठवायचं, आपण बाहेर बसायचं.
वस्तुस्थिती : पहिल्या भेटीत बराच वेळ पालकांशीच बोलणं होतं. गरोदरपण कसं गेलं, मूल कधी बोलू लागलं, झोप कशी आहे, घरात कोण कोण आहे, ओरडतं कोण आणि पाठीशी कोण घालतं, हे सगळं विचारलं जातं. समजा, सहा वर्षांच्या मुलीचं शाळेच्या वेळीच पोट दुखतं आणि तपासण्यांत काही निघत नाही. आई रागावते, आजी म्हणते, ‘राहू दे आज घरी’, बाबा गप्प. दुखणं खोटं नसतं, भीती पोटात उतरलेली असते. अशा वेळी मुलीला धीर देण्याइतकंच तिन्ही मोठ्यांनी एकमताने वागणं गरजेचं असतं. घरातल्या नात्यांची मांडणी बदलली की मुलाचं वागणंही बदलतं, या विचारावर साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबोपचाराची एक पद्धतच उभी केली. दोषी शोधणं हा त्याचा हेतू नव्हे.

गैरसमज : नुसतं खेळायचे पैसे घेतात.
वस्तुस्थिती : ‘मला भीती वाटते’ असं चार वर्षांचं मूल सहसा सांगत नाही. ते बाहुल्यांच्या घरातल्या बाळाला पुन्हापुन्हा कपाटात लपवतं. तज्ज्ञ ते पाहतात, घाई न करता सोबत खेळतात आणि मुलाच्या भावनेला शब्द देतात. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४०च्या दशकातच ही पद्धत सविस्तर मांडली होती.

गैरसमज : मूल आत काय बोललं, ते सगळं आपल्याला कळलंच पाहिजे.
वस्तुस्थिती : पालकांना प्रगती आणि पुढची दिशा सांगितली जाते, प्रत्येक वाक्य नाही. विश्वास बसला तरच मूल मोकळं होतं. मात्र जिवाला धोका असेल, तर पालकांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराची माहिती तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

सुरुवात कुठून करावी हे उमगत नसेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र सुरू असतो. मूल बिघडलंय असं ठरवण्याआधी त्याला काय जड जातंय, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून समजून घ्या.