निळी पाटी आणि एक अखंड दोरी

टीआयआर करारात ताडपत्रीच्या शिवणीवर एक कलम आहे. ताडपत्री तुकडे जोडून केलेली असेल तर जोडावर मशीनच्या दोन शिवणी हव्यात आणि त्यांच्यात किमान 15 मिलिमीटर अंतर हवं. त्यातली एक शिवण फक्त आतल्या बाजूने दिसली पाहिजे. तिचा दोरा ताडपत्रीच्या रंगाचा नको आणि दुसऱ्या शिवणीच्या दोऱ्याच्या रंगाचाही नको. वाटेत कुणी जोड उसवून माल काढला आणि बाहेरून पुन्हा टाके घातले, तरी आतल्या शिवणीवरून जकात अधिकाऱ्याला चोरी कळावी, एवढ्यासाठी ही सगळी खबरदारी. जिनिव्हात जमलेल्या मुत्सद्द्यांनी शिंप्याच्या बारकाईने लिहिलेल्या अशा कलमांच्या आधारावर अर्धशतकाहून अधिक काळ लाखो ट्रक युरोपच्या सीमा ओलांडत आले.

टीआयआर ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं. अर्थ साधा आहे: आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतूक. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पूल पडलेले होते, रेल्वे खिळखिळी झाली होती आणि माल तर हलवायचा होता. 1948 मध्ये जिनिव्हात आठ देशांच्या वाहतूकदार संघटनांनी एकत्र येऊन आयआरयू ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी काही मोजक्या देशांत तात्पुरती व्यवस्था सुरू झाली, 1959 मध्ये रीतसर करार झाला आणि 1975 मध्ये तो नव्याने लिहिला गेला. तोच आजही चालू आहे. इतिहास एवढा पुरे. खरी गंमत व्यवस्थेच्या घडणीत आहे.

अडचण अशी होती की लंडनहून तेहरानला निघालेला ट्रक वाटेत बेल्जियम, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया आणि तुर्कस्तान ओलांडणार. यातल्या प्रत्येक देशाला एकच धास्ती: हा माल आपल्याकडेच उतरवून, कर बुडवून विकला तर? म्हणून प्रत्येक सीमेवर माल उघडून मोजा किंवा कराएवढी रक्कम अनामत ठेवा, असे दोनच मार्ग होते. टीआयआरने तिसरा काढला. माल निघतानाच जकात अधिकाऱ्यासमोर भरायचा आणि सील करायचा. वाटेतल्या देशांनी तो उघडायचा नाही, फक्त सील तपासायचं. काही गफलत झालीच तर त्या देशातली वाहतूकदार संघटना ठरावीक मर्यादेपर्यंत कर भरून देईल. ही मर्यादा दर कार्नेमागे बराच काळ 50 हजार डॉलर होती.

कार्ने म्हणजे पिवळ्या मुखपृष्ठाचं एक पुस्तक. आत पांढरी आणि हिरवी पानं एकाआड एक. देशात शिरताना अधिकारी एक पान फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरं, आणि उरलेल्या स्थळप्रतीवर शिक्का मारतो. म्हणजे एका देशाला दोन पानं. 14 पानांचं कार्ने सात देशांना पुरतं, 20 पानांचं दहा देशांना. नंतर ही दोन्ही फाडलेली पानं जुळवली जातात. आत गेलेल्या पानाचा जोडीदार बाहेरच्या नाक्यावरून आला नाही, की चौकशी सुरू.

आणि ती दोरी. ताडपत्रीच्या कडेला ठरावीक अंतरावर छिद्रं, गाडीच्या बाजूला तितक्याच कड्या, आणि त्या सगळ्यांतून गाडीभोवती फिरणारी, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली पोलादी दोरी. ती अखंड हवी. गाठ नको, जोड नको. दोन्ही टोकांना धातूची टोपणं, त्यांत छिद्र, आणि त्या छिद्रातून जकात खात्याचं शिशाचं सील. निघण्याआधी प्रत्येक कडीतून हात फिरवत ही दोरी ओवायची, हे ड्रायव्हरचं काम. हिवाळ्यात गोठलेली ताडपत्री पत्र्यासारखी ताठ व्हायची आणि एकेक छिद्र कडीवर बसवायला बोटांचा जीव जायचा. जुने ड्रायव्हर इंजिनांच्या ताकदीइतकंच या दोरीबद्दल बोलतात. समोरच्या बाजूला 250 बाय 400 मिलिमीटरची निळी पाटी लागली आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत टीआयआर दिसलं, की गाडी तयार.

ही पाटी इतकी रुळली की तिचा शब्दच झाला. इटलीत मोठ्या ट्रकला ‘तीर’ म्हणतात, पोलंडमध्ये आणि रुमानियातही, आणि तुर्कस्तानात तर शाळकरी पोरही ट्रेलरला दुसरं काही म्हणत नाही. एखाद्या कराराचं नाव लोकांच्या बोलीत असं मुरावं, हे भाग्य फार थोड्या सरकारी कागदांना लाभतं.

साठच्या दशकात या निळ्या पाटीची हद्द पूर्वेकडे सरकू लागली. 1964 मध्ये बॉब पॉल आणि मायकेल वुडमन या दोघा इंग्रजांनी गाय वॉरियर जातीचा ट्रक थेट काबूलपर्यंत नेला. त्यातून पुढे ॲस्ट्रन ही कंपनी उभी राहिली. 1973 नंतर तेलाचे भाव चढले. इराण आणि आखातातल्या देशांकडे पैसा आला, पण बंदरं अपुरी होती आणि जहाजं धक्क्याला लागायला महिनोन्महिने ताटकळत. मग यंत्रसामग्री, बांधकामाचं सामान, शीतपेट्या असं सगळं रस्त्याने निघालं. बीबीसीने 1977 मध्ये ‘डेस्टिनेशन दोहा’ नावाचा माहितीपट दाखवला, आणि ब्रिटनमधल्या घराघरांतून लोकांनी पाहिलं की आपल्या गल्लीतला ट्रकवाला कुठवर जातो.

त्या काळचे ड्रायव्हर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणींत शहरं क्वचित येतात. नाके मात्र नावानिशी येतात. आखेनला जर्मन हद्दीत शिरताना टाकीतलं डिझेल किती याची नोंद द्यावी लागे, कारण बाहेरून भरून आणलेल्या तेलावरही कर होता. स्वित्झर्लंडमध्ये 28 टनांवरच्या गाडीला प्रवेशच नव्हता. म्हणून आल्प्स ओलांडणारे बरेच जड ट्रक ऑस्ट्रिया-इटलीच्या ब्रेनर खिंडीकडे वळत आणि 1,370 मीटर उंचीवर येऊन रांगेत उभे राहत. पश्चिम बर्लिनला जाणारे हेल्मस्टेटपाशी पूर्व जर्मनीत शिरत. तिथल्या मारिएनबोर्न नाक्यावर कमालीची शिस्त होती आणि बोलणं जवळपास नव्हतंच. 1971 च्या करारामुळे सीलबंद ट्रकचं फक्त सील आणि कागद पाहायचे ठरलं होतं. पण त्या ट्रकांमध्ये लपून पळून जाणारी माणसं शोधायला पूर्व जर्मन गुप्तचर खातं गुपचूप गॅमा किरणं वापरत होतं, हे भिंत पडल्यावर उघड झालं. ड्रायव्हर त्याच किरणांमधून दर खेपेला गेले होते, आणि कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

युगोस्लाव्हियातला ल्युब्लियाना-झाग्रेब-बेलग्रेड रस्ता अरुंद आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. बल्गेरिया ओलांडला की कापितान आंद्रेवो, आणि पलीकडे कापीकुले. हे नाव निघालं की म्हातारे ड्रायव्हर सावरून बसतात.

कापीकुले म्हणजे तुर्कस्तानचं युरोपीय दार. पश्चिम आणि पूर्व युरोपातून येणारे ट्रक, जर्मनीत नोकरी करून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघालेल्या तुर्की कामगारांच्या सामानाने लादलेल्या मोटारी, बस, सगळं याच एका दारातून. ट्रकसाठी मोठं आवार होतं आणि एकेक शिक्का वेगळ्या खिडकीत होता. पोलीस, जकात, वजन, परमिट, विमा. खिडकीमागचा माणूस जेवायला गेला की रांग तशीच उभी. कागद पुढे सरकावा म्हणून त्यात सिगारेटचं पाकीट ठेवायची रीत होती, आणि त्यासाठी कॅबमध्ये मार्लबोरोचा साठा ठेवणं हा तयारीचाच भाग मानला जाई. ही लाच होती, यात शंका नाही. पण अपुऱ्या पगाराचा कारकून आणि चार दिवस न झोपलेला ड्रायव्हर यांच्यातला तो व्यवहार कुठल्याही अहवालापेक्षा नाक्याचं खरं रूप सांगतो.

शिवाय ट्रकची नोंद ड्रायव्हरच्या पासपोर्टवर व्हायची. याचा अर्थ गाडी सोडून देशाबाहेर पडता येत नसे. अपघात झाला, इंजिन बसलं, घरी आई वारली, तरी आधी गाडीचा हिशेब. माणूस एका अर्थाने आपल्या ट्रेलरला सीलबंद होता.

या रांगांतच एक वस्ती उभी राहिली. ट्रेलरच्या कुशीला लावलेल्या पेटीत स्टोव्ह, भांडी, चहा, डबाबंद बीन्स. डच माणूस कॉफी टाके, बल्गेरियन चीज काढे, तुर्क टोमॅटो चिरे. भाषा हातवाऱ्यांची. बेलग्रेडच्या नॅशनल हॉटेलच्या वाहनतळावर किंवा इस्तंबूलच्या लोंद्रा कॅम्पमध्ये पुढच्या वाटेच्या बातम्या मिळत: कुठल्या घाटात बर्फ आहे, इराणच्या बाझरगान नाक्यावर रांग किती मैल आहे. पूर्व तुर्कस्तानात थंडीने डिझेल गोठायचं, आणि मग टाकीखाली चिंध्या पेटवून ते पातळ करायचं. आरारात पर्वत समोर आणि रांगेत काही दिवस, हे बाझरगानचं नेहमीचं चित्र. या ज्येष्ठांकडे असलेली छायाचित्रं पाहिली तर त्यात ट्रक आणि माणसं दोन्ही उभीच दिसतात. धावणारा ट्रक क्वचितच.

युरोपच्या पोटातल्या सीमा मोडल्या त्यात याच माणसांचा वाटा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. फेब्रुवारी 1984 मध्ये इटलीच्या जकात कर्मचाऱ्यांनी नियमावर बोट ठेवून काम मंदावलं. आल्प्सच्या थंडीत अडकलेल्या ड्रायव्हरांचा संयम सुटला. त्यांनी ब्रेनरपाशी ट्रक आडवे लावले, फ्रान्समध्येही रस्ते बंद झाले. त्याच जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने सारब्रुकेनमध्ये आपसातली तपासणी सैल करण्याचा करार केला. 14 जून 1985 ला मोझेल नदीवरच्या एका बोटीत पाच देशांनी शेंगेन करारावर सह्या केल्या. 1988 पासून डझनावारी जकात फॉर्मांच्या जागी एकच फॉर्म आला. त्याच सुमारास झालेल्या एका युरोपीय मोजणीत ब्रिटनमधल्या 1,200 किलोमीटरला ट्रक 36 तास घेत होता आणि लंडन-मिलानच्या तेवढ्याच अंतराला, इंग्लिश खाडी ओलांडण्याचा वेळ सोडून, 58 तास. 1 जानेवारी 1993 ला युरोपीय समुदायाअंतर्गत जकात नाके बंद झाले. मुंबईत शिरणाऱ्या ट्रकवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकात नाक्यांवरच्या रांगा जीएसटी आल्यावर, जुलै 2017 मध्ये मिटल्या.

रांगा मात्र मेल्या नाहीत, त्यांनी जागा बदलली.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्वेकडे नव्या सीमा उगवल्या, आणि त्याच वर्षांत टीआयआर आणि इतर संक्रमण कागदांआडून सिगारेटी आणि दारूची तस्करी इतकी फोफावली की युरोपीय संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. सील शाबूत, कागद बनावट. दुसऱ्या रंगाच्या शिवणीला या चोरीचा सुगावा लागणं शक्यच नव्हतं. उपाय म्हणून संगणकावर नोंदी आल्या. मे 2021 पासून तर कार्ने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वापरण्याची तरतूद करारातच जोडली गेली आहे.

कागद वेगवान झाले, पण माणसाचं थांबणं तसंच राहिलं, हीच या व्यवस्थेची खरी चिंता आहे. डिसेंबर 2020 मध्ये करोनाच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने 48 तास सीमा बंद केली. हजारो ट्रक इंग्लंडच्या केंट परगण्यात अडकले, मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर उभे केले गेले, आणि कित्येक ड्रायव्हरांचा नाताळ कॅबमध्ये गेला. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वारात रांधलेली शेकडो गरम जेवणं खालसा एडच्या स्वयंसेवकांनी त्यांच्यापर्यंत नेली. नोव्हेंबर 2023 मध्ये पोलंडच्या वाहतूकदारांनी युक्रेनच्या सीमेवरचे नाके रोखले. रांगेत अडकलेल्या दोन युक्रेनी ड्रायव्हरांचा त्या महिन्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी वसंतात जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या विश्रांतीतळावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी महिनाभराहून अधिक काळ ट्रक उभे ठेवले. जुन्या पिढीने साहेबाच्या खिडकीसमोर दिवस काढले. नवी पिढी स्वस्त मजुरीच्या वाहनतळावर काढते आहे.

भारताने 2017 मध्ये टीआयआर करार स्वीकारला. 2019 मध्ये अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बास मार्गे निघालेली पहिली टीआयआर खेप न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचली. म्हणजे ही निळी पाटी आता उरणच्या रस्त्यावरही लागू आहे. कार्नेच्या पानावर गाडीचा नंबर, मालाची खूण, नगांची संख्या, वजन, सीलचा क्रमांक आणि किती दिवसांत देश ओलांडायचा त्याची मुदत, या सगळ्यांना रकाने आहेत. ड्रायव्हर नाक्यावर किती तास थांबला, ते लिहायला 1959 च्या कार्नेत रकाना नव्हता, आजच्यातही नाही.