ज्वाळेविना वितळणारं लोखंड

विजेच्या वाटेवर : लेखांक ७

चुंबकक्षेत्र बदलत राहिलं की जवळच्या वाहकात वीज वाहू लागते, हा मायकेल फॅरेडेचा १८३१ मधला शोध आपण गेल्या आठवड्यात पाहिला. आज त्याच नियमावर टनावारी पोलाद वितळवणारी भट्टी पाहू. त्यासाठी रायपूरच्या उत्तरेला, बिरगावजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत जायला हवं. उरला आणि शेजारचं सिलतरा हा स्पंज आयर्न (लोहखनिजातला ऑक्सिजन काढून मिळणारं लोखंड), बिलेट (पोलादाचे ठोकळे) आणि सळ्यांचा पट्टा आहे.

इथल्या इंडक्शन भट्टीत कोळसा नसतो आणि ज्वाळाही नसते. मधोमध उष्णतारोधक अस्तराचं भांडं आणि त्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल, एवढाच तिचा गाभा. नळीतून थंड पाणी सतत खेळवावं लागतं, नाहीतर कॉइलच वितळेल. वाहिनीतून येणारी ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश करतात. मग ती इन्व्हर्टरमधून काढून काहीशे हर्ट्झला कॉइलमध्ये सोडतात. चुंबकक्षेत्र सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होतं आणि भांड्यातल्या भंगारात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात. धातूच्या विरोधामुळे या प्रवाहांची उष्णता होते. म्हणजे लोखंड स्वतःच आतून तापतं. ७७० अंशांना ते आपलं चुंबकत्व गमावतं, पण प्रवाह सुरूच राहतात आणि १,५०० अंशांच्या पुढे रस तयार होतो. हेच क्षेत्र रसाला ढवळतही राहतं. घरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते.

आता विजेचा हिशेब करू. एक टन पोलाद १,६०० अंशांपर्यंत न्यायला सिद्धांतानुसार ३८० युनिटांच्या आसपास वीज पुरते. प्रत्यक्षात साधारण ६०० लागतात आणि स्पंज आयर्नचं प्रमाण जास्त असेल तर त्याहून अधिक. महिन्याला १५० युनिटं वापरणाऱ्या घराची ही चार महिन्यांची वीज झाली. शिवाय ती अखंड हवी. भांड्यात रस असताना पुरवठा तुटला तर धातू गोठू लागतो आणि अस्तर धोक्यात येतं.

भट्टी स्वच्छ दिसते, पण तिचा धूर दुसरीकडे निघतो. छत्तीसगडची बहुतेक वीज कोळशावर होते. भारतीय ग्रिडच्या एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर टनभर पोलाद वितळवताना ४२० किलो वायू हवेत जातो. त्याआधी स्पंज आयर्न बनवताना निघणारा वायू याहून कितीतरी जास्त असतो, कारण तिथे कोळसा नुसता जळत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचं कामही तोच करतो.

मग मार्ग कोणता? पहिला मार्ग हाताशी आहे. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीतून ९०० अंशांहून तप्त वायू बाहेर पडतात. त्यांच्यावर बॉयलर चालवला तर रोज १०० टन क्षमतेच्या भट्टीमागे साधारण २ मेगावॅट वीज मिळते, तीही वेगळा कोळसा न जाळता. सिलतऱ्यात हे आज घडतं आहे.

दुसरा मार्ग सूर्याचा. राजनांदगावात २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडलेली आहे. एवढी मोठी बॅटरी पूर्ण भरली, तरी तिच्यावर सुमारे २०० टन पोलाद वितळेल.

तिसरा मार्ग हायड्रोजनचा. तो खनिजातला ऑक्सिजन घेतो आणि मागे पाण्याची वाफ उरते. स्वीडनमध्ये लुलेओ इथे २०२१ मध्ये या पद्धतीने स्पंज आयर्न तयार झालं. पण टनामागे साधारण ५५ किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यापासून तो वेगळा करायला जवळपास ३,००० युनिटं खर्ची पडतात, म्हणजे भट्टीच्या पाचपट.

म्हणून क्रम स्पष्ट आहे : आधी वाया जाणारी उष्णता, मग ऊन, आणि पुरेशी स्वस्त वीज हाती आली की हायड्रोजन. कुणी ‘हरित पोलाद’ म्हणून सळई विकायला आणली, तर वाचकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत : खनिजातला ऑक्सिजन कशाने काढला आणि भट्टीला वीज कुठून आली? दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या नावावर विश्वास ठेवू नये.

पुढच्या आठवड्यात : बॅटरीत वीज साठते, म्हणजे नेमकं काय होतं?