भोक कोणी पाडायचं?

पत्र्याला भोक पाडायचं कोणी, बांधणाऱ्याने की कारखान्याने? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण घरी विमान बांधण्याच्या छंदाची गेली सत्तर-ऐंशी वर्षं चाळली, तर खर्च, वेळ, सुरक्षितता आणि एका नामांकित कंपनीवर आलेली दिवाळखोरीची वेळ, सगळं फिरून या भोकापाशीच येतं. छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिथे घराच्या गॅरेजमध्ये लोक दोन-चार आसनी विमान बांधतात, रीतसर नोंदणी करतात आणि स्वतः उडवतात. आपल्याकडे हे सांगितलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, ‘पण सरकार परवानगी कशी देतं?’

सरकारंही आधी देत नव्हतीच, आणि त्यांच्या भीतीला आधार होता. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये या हौशी माणसाने १९३३ साली ‘एचएम-१४’ नावाचं चिमुकलं विमान उडवलं आणि पुढच्याच वर्षी ते कसं बांधायचं याचं पुस्तक काढलं. लाकडी खोकं ठोकता येणाऱ्या कुणालाही विमान बांधता येईल, असा त्याचा एकूण सूर. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये लोकांनी हौसेने हातोड्या उचलल्या. मग माणसं मरू लागली. या विमानाचे पुढचा आणि मागचा असे दोन पंख एकमेकांच्या फार जवळ होते. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की दोन पंखांमधून जाणारी हवा अशी काही वागायची, की वैमानिकाने दांडा कितीही ओढला तरी नाक वर येत नसे. विंड टनेलमधल्या चाचण्यांत ही गोष्ट उघड झाली तेव्हा उशीर झाला होता. बांधणाऱ्याने काम कितीही चोख केलं असतं तरी आराखड्यातली ही खोट सुटली नसती. या विमानावर बंदी आली ती अशी.

अमेरिकेतही तिसाच्या दशकाच्या अखेरीस नियम आवळले गेले आणि घरी बांधलेल्या विमानाला कायद्यात जागा उरली नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यात तेवढी थोडी सवलत होती. महायुद्ध संपल्यावर तिथलाच जॉर्ज बोगार्डस नावाचा एक हट्टी गृहस्थ ‘लिटल जी बी’ हे एकआसनी घरगुती विमान घेऊन निघाला आणि १९४७ साली अख्खा देश ओलांडून वॉशिंग्टनला अधिकाऱ्यांच्या भेटीला पोहोचला. हौशी माणसाने बांधलेलं विमान एवढं अंतर धडपणे कापतं, याचा पुरावा त्याने कागदावर दिला नाही, दारात आणून उभा केला. ते विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

पुढच्या काही वर्षांत हौशी बांधणीचा स्वतंत्र वर्ग नियमांत आला. त्यातली कळीची अट अशी, की विमानाचा मोठा भाग बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बनवलेला असला पाहिजे. बोलताना सगळे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. विमानावर ‘एक्सपेरिमेंटल’ असं ठळक लिहायचं आणि ठरवून दिलेल्या हद्दीत सहसा २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाणं करायची. प्रवासी त्यानंतर. शिवाय स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखलाही बांधणाऱ्याला मिळू शकतो. मला या नियमाचं कौतुक वाटतं ते यासाठी, की त्याने धोका नाकारला नाही. तो कोणाच्या शिरावर, एवढं मात्र स्वच्छ लिहून ठेवलं.

१९५३ साली मिल्वॉकीमध्ये पॉल पोबेरेझ्नी याने अशा हौशी लोकांची संघटना काढली, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. दोन वर्षांनी ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकात त्याची लेखमाला आली. ‘बेबी एस’ हे विमान इंजिनासकट ८०० डॉलरच्या आत बांधा, असं तिचं आवाहन होतं. संघटनेकडे सभासदांची रीघ लागली. १९७० पासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी भरणारा त्यांचा उन्हाळी मेळावा आज जगभरच्या विमानवेड्यांचं पंढरपूर झाला आहे. पण त्या काळी हातात पडायचे ते फक्त आराखडे. पोलादी नळ्या आणायच्या, कापायच्या, वेल्डिंग करायचं, पंखांच्या लाकडी फासळ्या चिकटवायच्या, वर कापड ताणून रंगवायचं. सगळं तुमचं तुम्ही. या काळाबद्दल जुनी मंडळी फार हळवी होऊन बोलतात. मी तसा होणार नाही, कारण किती सांगाडे छताला टांगलेले राहिले आणि पुढे भंगारात गेले, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बर्ट रुटान याने भोकाचा प्रश्नच काढून टाकला. त्याच्या ‘व्हॅरीईझ’ आणि नंतरच्या ‘लाँग-ईझ’ला पत्राही नव्हता आणि रिव्हेटही नव्हते. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर फायबरग्लासचं कापड अंथरून इपॉक्सी चोपडायचं. साचा लागत नाही, कारखाना लागत नाही. हीच विद्या पुढे नेऊन त्याने ‘व्हॉयेजर’ घडवलं. १९८६ च्या डिसेंबरात त्या विमानाने वाटेत कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण त्याआधीच, १९८५ मध्ये, रुटानने हौशी लोकांना आराखडे विकणं बंद केलं होतं. कुणाच्या गॅरेजमधली चूक उद्या कोर्टात आपल्या माथी मारली जाईल, ही धास्ती त्यामागे होती.

ती धास्ती खोटी नव्हती. गायक जॉन डेन्व्हर १९९७ च्या ऑक्टोबरात मॉन्टेरीच्या उपसागरात कोसळून गेला तो लाँग-ईझमधूनच. विमान त्याने बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवण्याची खिट्टी वैमानिकाच्या पुढ्यात, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती बसवली डाव्या खांद्यामागे. तिच्यावर खुणाही नव्हत्या. मागे वळून ती फिरवताना पाय उजव्या रडरवर दाबला गेला आणि विमान हातातून गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. अपुरं इंधन आणि या विमानाचा कमी सराव, ही कारणंही त्यात होती. तरी एक हौशी माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये एक निर्णय घेतो आणि त्याची किंमत भलताच कुणीतरी मोजतो, हे या छंदाचं दुखणं तेव्हा जगाला दिसलं.

आता पत्र्याकडे वळू. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन हा ऑरेगनचा अभियंता. त्याचं आरव्ही-३ हे एकआसनी विमान १९७१ मध्ये उडालं आणि त्यातून व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीच्या आरव्ही किटमध्ये मिळायचा तो बव्हंशी कोरा पत्रा. आधी सांगाडा वाकडा होऊ नये म्हणून गॅरेजमध्ये भक्कम जिग उभा करायचा. मग पत्र्यावर रेघ, रेघेवर समान अंतराने खुणा, खुणेवर सेंटर पंच, नंतर ड्रिल. वरचा पत्रा आणि आतली फासळी, दोन्हींतून भोक सरळ गेलं पाहिजे. क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना खोचून सगळं तात्पुरतं जोडायचं, भोकं मापावर आणायची आणि पुन्हा सगळं सुटं करायचं. प्रत्येक भोकाची खरखरीत कड साफ करायची. मग भोकाभोवती खळगी दाबायची, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसतं; वरच्या पत्र्याची खळगी खालच्या खळगीत टिच्चबटणासारखी बसते. इतकं झालं की रिव्हेट. बाहेरून एकजण गन चालवतो, आतून दुसरा हातात जड पोलादी ठोकळा दाबून धरतो. तो बकिंग बार. घरात ते काम बहुधा बायकोकडे किंवा शाळकरी मुलांकडे येतं. आतलं टोक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच चेपलं गेलं पाहिजे. वाकडं गेलं की ड्रिलने उडवा आणि पुन्हा मारा. एका विमानात असे दहा हजारांहून अधिक रिव्हेट.

नव्वदच्या दशकात कारखान्याने थोडीथोडी भोकं स्वतः पाडून द्यायला सुरुवात केली. एकविसाव्या शतकाच्या तोंडावर आरव्ही-७ आणि आरव्ही-९ आली, तेव्हा संगणकावर चालणाऱ्या पंच मशीनने जवळजवळ सगळी भोकं जागच्या जागी पाडलेली असायची. फासळीचं भोक पत्र्याच्या भोकाशी जुळलं, म्हणजे आकार बरोबर. जिगची गरजच संपली. काही जुन्या खोडांनी नाकं मुरडली, हे काय बांधणं झालं म्हणून. पण छंद मोठा केला तो या पंच मशीनने, पेन्सिलीच्या रेघेने नव्हे. आज जगात ११,००० हून अधिक आरव्ही विमानं उडालेली आहेत. घरी बांधायच्या विमानांत एवढी संख्या दुसऱ्या कुठल्याच घराण्याची नाही. वीकएंड आणि सुट्ट्या घालवूनही काही वर्षं लागतातच, इंजिन आणि उपकरणांचा खर्च पत्र्याच्या किटला मागे टाकतो, पण विमान पुरं होण्याची शक्यता वाढली.

आणि मग २०२३. महामारीच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी किटच्या ऑर्डरींचा पाऊस पाडला होता. पंच मशीन पुरे पडेनात, म्हणून काही भाग बाहेरून लेझरने कापून घेतले गेले. लेझरचा किरण भोकाचा गोल जिथे सुरू करतो आणि जिथे मिटवतो, तिथे कडेला बारीकशी खाच राहू शकते. नुसत्या भोकात ती नजरेला खुपतही नाही. पण त्या भोकाला खळगी दाबली, की पत्रा ताणला जातो आणि खाचेतून चीर फुटते. बांधणाऱ्यांना अशा चिरा दिसू लागल्या. बाधित ग्राहकांची संख्या हजाराच्या वर गेली. कुणाचे भाग खोक्यात होते, कुणाचे रिव्हेट मारून पंखात बंद झालेले. कुठला भाग चालेल आणि कुठला बदलावा, याच्या चाचण्या आणि याद्या कंपनीला काढाव्या लागल्या. त्यातच किटच्या किमती खर्चापेक्षा कमी लावल्या गेल्याचं लक्षात आलं. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. आगाऊ पैसे भरलेल्यांना किट हवं असेल, तर सरासरी जवळपास एक तृतीयांश जादा मोजा, असं सांगितलं गेलं. संस्थापकाने स्वतःचा पैसा कर्जाऊ घातला आणि २०२४ च्या मध्यावर कंपनी त्यातून बाहेर पडली.

या प्रकरणावरून पुष्कळांनी कंपनीला झोडपलं. चूक तिची होतीच. पण माझ्या लेखी दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: चिरा पकडल्या त्या गॅरेजमधल्या लोकांनी, हातात भिंग आणि टॉर्च घेऊन. भोक कारखान्याने पाडलं, तरी कड तपासायचं काम बांधणाऱ्याने सोडलेलं नव्हतं. पत्रा बंद करण्याआधी त्रयस्थाने येऊन काम बघावं, यासाठी पोबेरेझ्नीच्या संघटनेत अनुभवी स्वयंसेवकांची व्यवस्था आहे. ते पैसे घेत नाहीत.

आपल्याकडे या वाटेच्या पाऊलखुणा विरळ आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८७ मध्ये रुटानच्या लाँग-ईझवर बेतलेलं छोटं संशोधन विमान उडवलं, पण तो सरकारी प्रयोग होता. हौशी माणसाचं खरं उदाहरण मुंबईतलं. व्यवसायाने वैमानिक असलेल्या अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहाआसनी विमान बांधलं. किट नाही, आयतं पाडलेलं एकही भोक नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण झालं २०२० साली. म्हणजे तयार विमान लोकांनी पाहिल्यावर ते हवेत जायला चार वर्षं गेली.

ही चार वर्षं पत्र्याने नव्हे, परवानग्यांनी खाल्ली. म्हणून ज्यांना यात रस आहे त्या फ्लाइंग क्लबांना, अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि निवृत्त वायुसैनिकांना एक विनंती. शिवकर तळपदे या मुंबईकराने १८९५ साली तिथल्या चौपाटीवर विमान उडवलं की नाही, हा वाद आता पुरे. कोणतं काम बांधणाऱ्याने स्वतः करायचं, तपासायला कोण येणार, किती तास कुठल्या हद्दीत उडायचं आणि अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळणार, एवढ्या चार गोष्टींचा एक पानी मसुदा करा आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याचा पाठपुरावा करा.